आयुष्मान कार्ड घरी राहिलं तर काय? शहापूर-मुरबाडच्या रुग्णापर्यंत ‘क्लाउड’ कसा पोहोचतो

रुग्णाला घेऊन शहापूरहून निघालेली गाडी पडघ्यापर्यंत येते आणि कुणाच्या तरी लक्षात येतं, आयुष्मान कार्ड घरीच राहिलं. आता गाडी वळवायची की पुढे जायचं?

पुढे जायचं. कारण ते कार्ड म्हणजे पैसे भरलेलं पाकीट नव्हे. त्यावर फक्त ओळखीचा तपशील, एक क्रमांक आणि एक क्यूआर कोड असतो. कुटुंबाला किती रकमेचं संरक्षण आहे, त्यातलं किती वापरलं, कुणाचं कोणतं ऑपरेशन कधी झालं, ही सगळी नोंद कार्डात नसून दूर कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये असते. आधारच्या मदतीने रुग्णाची ओळख पटली, की रुग्णालयाला ती नोंद पाहता येते.

या दूरच्या कॉम्प्युटरला आजकाल ‘क्लाउड’ म्हणतात. सरकारी आरोग्य योजना चालवण्याची पद्धत त्याने बरीच बदलली. पण शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांत या बदलाचा फायदा कुठे होतो आणि कुठे अडतो, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण इथे अडलं तर नुसतं काम अडत नाही, माणसाचा उपचार अडतो.

क्लाउड आकाशात नसतो

नाव ढगाचं असलं तरी क्लाउड जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती, त्यात हजारो कॉम्प्युटर, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि चोवीस तास वीज. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. भारतातल्या डेटा सेंटरचा एक मोठा पट्टा नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात आहे, म्हणजे शहापूर-मुरबाड ज्या ठाणे जिल्ह्यात आहेत त्याच जिल्ह्यात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई-पुण्याकडे आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. केंद्र सरकारच्या क्लाउड उपक्रमाचं नाव आहे ‘मेघराज’. सरकारी नावांमध्ये इतकं चपखल नाव क्वचितच सापडेल. महाराष्ट्रानेही जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण जाहीर केलं.

साधा फरक असा. प्रत्येक घराने आपली विहीर खणायची, की नळाचं पाणी घेऊन वापरापुरतं बिल भरायचं? पूर्वी प्रत्येक कार्यालय, प्रत्येक रुग्णालय आपापला सर्व्हर विकत घ्यायचं, म्हणजे विहीर खणायचं. क्लाउडमध्ये साठवण आणि कॉम्प्युटरची ताकद भाड्याने मिळते, लागेल तेवढी. गर्दी वाढली की जास्त घ्यायची, ओसरली की कमी करायची. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लशीची नोंदणी खुली झाली, तेव्हा एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त लोकांनी कोविन पोर्टलवर नाव नोंदवलं. सुरुवातीला पोर्टल अडखळलं, लोक वैतागले, पण ते सावरलं. खोलीत ठेवलेल्या एका सर्व्हरवर हे झालं नसतं.

पाण्याची उपमा शहापूरकरांना जरा बोचेल. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. साठा शेजारी असला म्हणजे घोटभर पाणी घरात येतंच असं नाही. क्लाउडचंही तसंच आहे.

चिपमधली शिल्लक ते क्लाउडमधली शिल्लक

२००८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचं संरक्षण, नोंदणीचे ३० रुपये आणि हातात एक स्मार्ट कार्ड. त्या कार्डात चिप होती. कुटुंबाची माहिती, बोटांचे ठसे आणि उरलेली रक्कम त्या चिपमध्येच. रुग्णालयातलं यंत्र इंटरनेट नसतानाही कार्ड वाचायचं आणि पैसे वजा करायचं. नोंदी मागाहून वर पाठवल्या जायच्या.

आजच्या घडीला ही पद्धत जुनाट वाटते. पण ती ज्यांनी आखली, त्यांनी गावात रेंज नसते हे गृहीत धरलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. अडचण दुसरीकडे होती. कार्ड हरवलं किंवा चिप खराब झाली की सगळंच अडायचं. नवरा वीटभट्टीवर आणि बायको-मुलं गावात असतील, तर कार्ड विभागून घेण्याची सोय होती, पण ते आधी वेगळं करून घ्यावं लागायचं.

महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. ठाणे पहिल्या टप्प्यात नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना उरलेल्या जिल्ह्यांत आली आणि तेव्हा शहापूर-मुरबाडचाही त्यात समावेश झाला. संरक्षण होतं कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये आणि उपचार ९७१. ओळख रेशनकार्डावरून आणि सगळं कामकाज ऑनलाइन. २०१७ मध्ये या योजनेचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला ५ लाखांचं संरक्षण देणारी. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्र चालवल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये घेतलेला विस्ताराचा निर्णय १ जुलै २०२४ पासून लागू झाला. राज्यातल्या सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळालं, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही, आणि उपचारांची संख्या १,३५६ झाली. ही यादी नंतरही वाढवली गेली आहे.

आकडे बाजूला ठेवले तरी या प्रवासात एक गोष्ट ठळक आहे. शिल्लक रक्कम रुग्णाच्या खिशातून निघून मध्यवर्ती नोंदीत गेली.

पडद्यामागे काय घडतं?

समजा, डोळखांबकडच्या एका शेतकऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. अँजिओप्लास्टीची सोय इथे नसते, म्हणून ठाणे, कल्याण किंवा मुंबईकडे. मुरबाड तालुक्यात टोकावडे-धसईकडचा रुग्ण असला तर मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि तिथून उल्हासनगर किंवा कल्याण. तिथे योजनेत असलेलं, म्हणजे सरकारी भाषेत ‘अंगीकृत’ रुग्णालय गाठायचं.

दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. आरोग्यमित्र हा या सगळ्या यंत्रणेचा माणसाचा चेहरा. तो रेशनकार्ड, आधार पाहतो, पोर्टलवर नाव शोधतो, रुग्णाचा फोटो काढून नोंदणी करतो. रुग्णालयाचे डॉक्टर तपासण्या करून कोणता उपचार लागणार ते ठरवतात. अहवाल, ईसीजी, अँजिओग्राफीची चित्रं पोर्टलवर चढवली जातात आणि पूर्वपरवानगी मागितली जाते. बोलीभाषेत याला ‘अप्रूव्हल’ म्हणतात. हे कागद दुसऱ्या शहरात बसलेले डॉक्टर आपल्या पडद्यावर पाहतात. उपचार यादीत बसतो का, तपासण्यांवरून त्याची गरज दिसते का, कुटुंबाची रक्कम शिल्लक आहे का, हे पाहून मंजुरी देतात, नाकारतात किंवा शंका विचारतात. मंजुरी मिळाली की तेवढी रक्कम कुटुंबाच्या खात्यात अडकवून ठेवली जाते.

रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालय डिस्चार्ज कार्ड आणि इतर कागद चढवून पैसे मागतं. हा झाला क्लेम, म्हणजे दावा. आयुष्मान भारतच्या नियमांनुसार राज्यातल्या राज्यात दाव्याचे पैसे १५ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाचे ३० दिवसांत मिळायला हवेत. ही बाब रुग्णाच्या कामाची नाही असं वाटेल. पण दावे रखडले की खासगी रुग्णालयं योजनेचे रुग्ण घ्यायला नाखूश होतात आणि ‘बेड नाही’ हे उत्तर ऐकायला मिळतं. त्यामुळे दाव्याच्या फाइलचा वेगही शेवटी रुग्णाच्याच अंगावर येतो.

कागदांच्या गठ्ठ्यावर हेच काम झालं असतं तर टपालात दिवस गेले असते. इथे एकच फाइल एकाच वेळी रुग्णालय, तपासणारे डॉक्टर आणि पैसे देणारी यंत्रणा पाहू शकते. कोणत्या टेबलावर ती किती तास पडून आहे, हेही दिसतं. योजना चालवण्याच्या दृष्टीने क्लाउडचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

वीटभट्टीवरचं कुटुंब आणि एकच खातं

शहापूर आणि मुरबाडमध्ये कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी आहे. कातकरी हा केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट आहे. भातकापणी झाली, दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणकडे किंवा आणखी लांब, आणि पावसाच्या तोंडावर परततात. रेशनकार्ड शहापूरचं, आजारपण भिवंडीत.

मध्यवर्ती नोंदीचा खरा उपयोग अशा कुटुंबाला. ५ लाखांचं संरक्षण माणशी नसतं, पूर्ण कुटुंबाला मिळून असतं. बापाच्या पायाच्या ऑपरेशनवर भिवंडीत खर्च झाला, तर गावाकडे आजारी पडलेल्या मुलाला दाखल करणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयाला उरलेली रक्कम लगेच दिसते. त्यासाठी कार्ड इकडून तिकडे धाडावं लागत नाही. कुटुंब कामासाठी गुजरातेत गेलं असेल आणि आयुष्मान भारतमध्ये पात्र असेल, तर तिथल्या अंगीकृत रुग्णालयातही उपचार होऊ शकतात.

पण यासाठी आधी त्या यादीत नाव हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत कातकरींसारख्या समाजांना आधार, आयुष्मान कार्ड अशी मूळ कागदपत्रं मिळवून देण्यावर भर दिला गेला, तो याच कारणाने. ज्याच्याकडे जातीचा दाखलाही नाही, अशा माणसासाठी क्लाउडमध्ये काहीच साठवलेलं नसतं.

चूक एकदा झाली की सगळीकडे दिसते

रेशनकार्डावर ‘सोमी’, आधारवर ‘सोमीबाई’. लग्नाआधीचं आडनाव एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी. तलाठी किंवा आरोग्य केंद्रातली नर्स अशी बाई ओळखते. पोर्टल ओळखत नाही. ते दोन्हीकडची नावं ताडून पाहतं. जुळणी चांगली असेल तर पुढे सोडतं, नसेल तर फाइल तपासणीसाठी माणसाकडे पाठवतं, आणि यात वेळ जातो. गावातली कागदावरची चूक गावापुरती राहायची. मध्यवर्ती नोंदीतली चूक कल्याण, मुंबई, नाशिक, सगळीकडे सारखीच दिसते.

नोंदीत काहीही भरता येतं तेव्हा काय होतं, हे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या अहवालाने दाखवलं. आयुष्मान भारतचे ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते, सगळे आकडे ९ असलेल्या क्रमांकाशी. नोंदणी करणाऱ्याने रकाना भरायचा म्हणून तो भरला होता, हे उघड आहे. सरकारचं म्हणणं होतं की ओळख आधारवरून पटवली जाते, मोबाइल नंबर फक्त संपर्कासाठी. दुसरा मुद्दा जास्त गंभीर होता. ४८,३८७ रुग्ण एकाच काळात एकाहून जास्त रुग्णालयांत दाखल असल्याचे ७८,३९६ दावे सापडले.

म्हणजे सगळ्या नोंदी एका जागी होत्या, पण ‘हा माणूस आत्ता दुसरीकडे दाखल आहे का?’ हा प्रश्न यंत्रणा विचारत नव्हती. माहिती जमवणं आणि माहिती तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लाउड विकत घेता येतो, तपासणीचे नियम मात्र कुणीतरी डोकं लावून लिहावे लागतात. लाखो दाव्यांमधून संशयास्पद दावे कॉम्प्युटरने वेगळे काढणं आता या योजनांमध्ये होतं. त्यातही एक धोका आहे. यंत्राने खरा दावा संशयित ठरवला, तर मधल्या मध्ये खरा रुग्ण ताटकळतो.

रेंजचं काय?

माळशेजच्या पायथ्याची गावं किंवा कसाऱ्याकडचे डोंगराआडचे पाडे, तिथे मोबाइलची रेंज येते-जाते. मग ऑनलाइन योजना इथे कशी चालते?

ऑपरेशनची मंजुरी पाड्यावरून मागायची नसते, ती रुग्णालयातून मागितली जाते आणि तिथे इंटरनेट असतं. नेटवर्कची खरी अडचण येते ती कार्ड काढताना. चेहरा, बोटाचा ठसा किंवा मोबाइलवरचा ओटीपी, यापैकी कशानेही ओळख पटवायची तर त्या क्षणी नेटवर्क लागतं. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. ज्याला कार्डची सगळ्यात जास्त गरज, त्याचं कार्ड सगळ्यात शेवटी निघतं, ते असं.

मुरबाड तालुक्याने हा धडा आरोग्याच्या आधी पैशांच्या बाबतीत गिरवला आहे. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. वडापाववाल्यापासून किराणा दुकानापर्यंत कार्ड स्वाइप करण्याची यंत्रं आली, देशभरचे पत्रकार आले. पुढे नोटा मुबलक झाल्या आणि व्यवहार बऱ्याच अंशी पुन्हा रोखीकडे वळले. दुकानदाराला यंत्र अडलं तर रोखीचा पर्याय होता. अत्यवस्थ रुग्णाला तसा पर्याय असायलाच हवा.

तो काही प्रमाणात आहे. राज्याच्या योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय सुरुवातीपासून ठेवलेली आहे. पोर्टलवरची मंजुरी आणि कागद नंतर पूर्ण करता येतात. ‘सर्व्हर डाउन आहे, थांबा’ असं अत्यवस्थ रुग्णाला सांगितलं जात असेल, तर नातेवाइकांनी या सोयीबद्दल आरोग्यमित्राला जरूर विचारावं.

माहिती सुरक्षित असते का?

पूर्ण सुरक्षित काहीच नसतं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाला बरेच दिवस कागद-पेनवर काम करावं लागलं. तिथे हल्ला संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर झाला होता. म्हणजे विहीर आपल्या अंगणात असली म्हणून ती राखली जातेच असं नाही. दुसऱ्या बाजूला, जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून लस घेतलेल्यांचे तपशील मिळत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन पोर्टलमध्ये थेट घुसखोरी झाल्याचं सरकारने नाकारलं, पण लोकांची माहिती बाहेर दिसली हे खरं. चांगल्या क्लाउडमध्ये माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक केंद्र बंद पडलं तरी काम थांबत नाही. चोरी मात्र बहुतेक वेळा दारं तोडून होत नाही, कुणाचातरी पासवर्ड वापरून होते. गावाच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की कार्ड काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगायचा नाही.

आभा आणि आयुष्मान, दोन्ही एकच का?

नाही, आणि सोशल मीडियावर हा घोळ सतत दिसतो. आभा हा १४ अंकी आरोग्य क्रमांक. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेचा तो भाग आहे. आपले तपासणी अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र जोडायला तो उपयोगी पडतो. तो कुणालाही काढता येतो, पण तो काढल्याने ५ लाखांचे उपचार मिळत नाहीत. ते आयुष्मान कार्ड आणि राज्याच्या जन आरोग्य योजनेतून मिळतात. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांचं कार्ड वेगळं काढून ठेवलेलं बरं.

आजारी पडण्याआधी करायची कामं

रेशनकार्डात घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का ते पाहायचं. सुना आणि लहान मुलं हमखास राहून गेलेली असतात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं सारखी करून घ्यायची. आधारला चालू मोबाइल नंबर जोडायचा. कार्ड निघालं की त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवायचा.

आणखी एक गोष्ट, जी कोणताही क्लाउड सोडवू शकत नाही. रुग्णालय योजनेत असलं तरी त्याच्या सगळ्याच विभागांत योजना लागू असते असं नाही. एखाद्या ठिकाणी हाडांची ऑपरेशनं योजनेत होतात, हृदयाची नाहीत. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. शहापूरहून दीड-दोन तास गाडी हाकून ‘हे आमच्याकडे योजनेत नाही’ ऐकण्यापेक्षा निघण्याआधी फोन केलेला चांगला. राज्याच्या योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत, आयुष्मान भारतचा १४५५५. फोनवर आजाराचं नाव सांगायचं आणि विचारायचं, हा उपचार योजनेतून करणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णालयाने पैसे मागितले, तर तक्रारही याच क्रमांकांवर करता येते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची, योजनेची चौकशी वाटेत करता येते.